बंद पडलेल्या छोट्या लाईनच्या वाटेवर पायी: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या आसपास नॅरोगेजला, म्हणजे अडीच फुटी अरुंद रेल्वेमार्गाला, कोणी नॅरोगेज म्हणत नव्हतं. ती 'छोटी लाईन' होती आणि तिच्यावर धावायची ती 'छोटी गाडी'. या गाड्या थांबल्यापासून जुन्या मार्गांवरून पायी फिरू पाहणाऱ्यांचे प्रश्न वाढले आहेत. त्यांतले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

नागपूरहून जाऊन बघता येतील असे बंद मार्ग कोणते?

चार मार्ग आहेत, आणि चौघांची अवस्था वेगवेगळी आहे. म्हणून एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

इतवारी–नागभीड हा सुमारे १०६ किलोमीटरचा मार्ग. कुही, उमरेड, भिवापूर, टेंपा असा तो जायचा. नोव्हेंबर २०१९मध्ये गाड्या थांबल्या. ब्रॉडगेज (रुंद रूळ) रूपांतराचं काम महारेल या रेल्वेबांधणी कंपनीकडे आहे, म्हणजे हा मार्ग सोडून दिलेला नाही, बदलला जातोय.

नागपूर–छिंदवाडा हा सुमारे १५० किलोमीटरचा. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, मग घाट चढून उमरानाला आणि छिंदवाडा. नॅरोगेज २०१५मध्ये बंद झाली आणि आता ब्रॉडगेज गाड्या धावतात. इथे चालण्याजोगं राहिलं आहे ते फक्त नव्या मार्गाने बाजूला टाकलेले जुने तुकडे.

पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरचा मार्ग वर्धा जिल्ह्यात आहे. वाटेत सोरटा, विरूळ, रोहणा ही गावं. इथली गाडी बंद होऊन एक पिढी उलटली.

शकुंतला या नावाने ओळखली जाणारी छोटी लाईन म्हणजे मूर्तिजापूर–यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर–अचलपूर ७६ किलोमीटर. नागपूरहून यवतमाळचं टोक जवळ पडतं, सुमारे १५० किलोमीटर. एका दिवसात जाऊन, चालून, परत येणं जमत नाही. मुक्काम धरून चला.

गाड्या बंद आहेत, मग रुळांवरून चालायला हरकत काय?

गाडी थांबली म्हणून जमीन मोकळी झाली, असं होत नाही. रूळ उपटले तरी पट्टा रेल्वेचाच राहतो. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवानगी शिरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाड्या चालू नाहीत हा त्यातून सुटण्याचा मार्ग नाही.

रूपांतराच्या पट्ट्यावर आणखी एक धोका असतो. तिथे गिट्टीचे डंपर, रोलर आणि साहित्याच्या गाड्या कोणत्याही वेळापत्रकाशिवाय फिरतात. प्रवासी गाडी सुरू नसलेल्या नव्या रुळांवरूनही इंजिन येऊ शकतं. नवे रूळ दिसले की तो मार्ग चालू आहे असंच समजा.

मग चालायचं कुठून? बहुतेक वेळा भरावाला, म्हणजे रुळांखालच्या मातीच्या उंच बांधाला, लागून एखादी पांधण (शेतांमधली वाट) किंवा गाडरस्ता जातो. त्यावरून चालत भराव बघायचा, आणि सार्वजनिक रस्ता जिथे जुना मार्ग ओलांडतो त्या फाटकांवर थांबून निरखायचं. परवानगी न घेता इतकंच करा. यातही पाहण्यासारखं भरपूर सापडतं, कारण भराव वरून जितका कळतो त्याहून जास्त बाजूने कळतो.

मार्ग नुसता बंद आहे, सोडून दिलाय की पुसला गेलाय, हे कसं ओळखायचं?

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाईन नकाशावर काम करणारे यासाठी तीन शब्द वापरतात, आणि ही विभागणी प्रत्यक्ष जागेवरही कामी येते. डिसयूज्ड म्हणजे रूळ जागेवर, गाडी नाही. अबॅन्डन्ड म्हणजे रूळ गेले, पण भराव, मोऱ्या (नाल्यांवरचे छोटे पूल), कटिंग (उंचवटा खोदून केलेली वाट) शाबूत. रेझ्ड म्हणजे वरून नांगर फिरला किंवा घरं उभी राहिली आणि खूणही उरली नाही. एकाच मार्गाच्या दहा किलोमीटरमध्ये तिन्ही अवस्था मिळू शकतात. गावाजवळचा भाग सर्वांत आधी पुसला जातो, कारण तिथे भरावाचा मुरूम आयता मिळतो आणि सपाट पट्टा रस्त्याला सोयीचा पडतो.

परवानगी कोणाकडे मागायची?

नागपुरात रेल्वेची दोन विभागीय कार्यालयं आहेत आणि इथेच बहुतेक अर्ज चुकतात. इतवारी–नागभीड आणि छिंदवाडा हे मार्ग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचे. पुलगावकडचा भाग मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाचा, तर शकुंतला मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो.

अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे, एका पानाचा असावा. कोणत्या स्टेशनपासून कोणत्या स्टेशनपर्यंत, तारीख आणि वेळ, सोबतच्या माणसांची नावं व ओळखपत्रांच्या प्रती, उद्देश, फोटो काढणार का, हे सगळं लिहा. 'जुन्या मार्गाची पाहणी' एवढंच मोघम लिहिलं की शंका येते. 'अमुक ते अमुक स्टेशनदरम्यानच्या जुन्या मोऱ्यांची छायाचित्रं, वैयक्तिक नोंदीसाठी, रुळांवर न चालता' असं नेमकं लिहा. किमान चार आठवडे हातात ठेवा आणि पोच घ्यायला विसरू नका.

भरावाच्या दोन्ही बाजूंची वावरं खाजगी असतात. तिथे रेल्वेची परवानगी चालत नाही, शेतमालकाचीच लागते.

घरी बसून जुनी लाईन नकाशावर कशी शोधायची?

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पत्रकांवर नॅरोगेज स्पष्ट दाखवलेली असते. नागपूर शहर ५५ ओ/४ या पत्रकात येतं, उमरेड ५५ पी/५ मध्ये, नागभीड ५५ पी/१० मध्ये, सावनेर ५५ के/१५ आणि सौंसर ५५ के/१४ मध्ये. पुलगावसाठी ५५ एल/६, आर्वीसाठी ५५ एल/१.

जुन्या पत्रकावरची रेषा समोर ठेवून गूगल अर्थवर तोच भाग उघडा आणि मागच्या वर्षांची चित्रं बघा. फेब्रुवारी ते मे या महिन्यांतलं चित्र निवडा. पावसाळ्यानंतर सगळं हिरवं असतं आणि भराव झाडीत बुडतो; उन्हाळ्यात शेतं रिकामी होतात आणि तोच भराव फिकट पट्टीसारखा वर येतो.

नजर कशावर ठेवायची? शेतांचे बांध एका लांब, हळूहळू वळणाऱ्या रेषेवर अचानक तुटतात, तिथे. झाडांची एक सलग, अरुंद ओळ दिसते, तिथे. आणि छिंदवाडा मार्गावर खास करून नव्या रुळांच्या बाजूला धनुष्यासारखी कमान दिसते, तिथे. ब्रॉडगेजला वेग हवा म्हणून वळणं सौम्य लागतात. छोट्या लाईनचं तीव्र वळण नव्या मार्गाने सरळ कापलं, की जुनं वळण धनुष्यासारखं बाजूला उरतं आणि नवी लाईन त्याची दोरी होते. घाटातही असंच होतं. छोटी लाईन डोंगराच्या अंगाअंगाने वळत चढायची, ब्रॉडगेजला तेवढी वळणं आणि तेवढा चढ चालत नाही. चालायला खरे तुकडे मिळतात ते हेच. पण घाटाचा भाग मध्य प्रदेशात आणि बराचसा जंगलात आहे, तेव्हा तिथल्या वन विभागाला विचारल्याशिवाय उतरू नका.

सापडलेल्या रेषेवर दर ५०० मीटरला एक बिंदू टाका, मोबाईलमध्ये ऑफलाईन नकाशासोबत साठवा आणि एक प्रत कागदावर काढा. जंगलात नेटवर्क जातं आणि डिसेंबरच्या पहाटे बॅटरीही लवकर उतरते.

जागेवर गेल्यावर भराव आणि साधा गाडरस्ता यांतला फरक कसा कळतो?

हे एकदा डोळ्यांना कळलं की मग नकाशाची गरज कमी पडते. सर्वांत भरवशाची खूण चढाची आहे. गाडरस्ता जमिनीसोबत चढतो आणि जमिनीसोबत उतरतो. रेल्वेची वाट तसं करत नाही. जमीन खाली गेली की तिच्याखाली भराव येतो, जमीन वर आली की ती कटिंगमधून आत शिरते, आणि पायाखालचा उतार मात्र जवळजवळ तोच राहतो. शंभरात एक, म्हणजे किलोमीटरला दहा मीटर, एवढा चढसुद्धा रेल्वेच्या दृष्टीने बऱ्यापैकी असतो. चालताना तो पायांना जाणवतही नाही. दम लागला तर तुम्ही लाईन सोडून भलतीकडे गेला आहात, असं खुशाल धरा.

दुसरी खूण वळणाची. बैलगाडी काटकोनात वळते, पांधण बांधाबांधाने मोडत जाते. रेल्वेचं वळण लांबवर एकसारखं वाकतं, मध्येच कमीजास्त होत नाही.

तिसरी खूण भरावाच्या दोन्ही बाजूंना. भरावाची माती शेजारूनच खणून घेतलेली असते, त्यामुळे लांबट उथळ खड्ड्यांची रांग सोबत चालते. यांत पाणी साचतं आणि बेशरम नावाचं झुडूप माजतं. शेतात कुठेच बेशरम नाही आणि एका रेषेत मात्र दाट आहे, असं दिसलं की त्या रेषेशेजारी भराव शोधा.

रुंदीवरूनही अंदाज येतो. छोट्या लाईनच्या भरावाचा माथा साडेतीन ते चार मीटरच्या आसपास असतो. बरीच वर्षं पाऊस खाल्लेला भराव कडेने ढासळून याहून अरुंद होतो, म्हणून एकाच जागी मोजू नका; पन्नास-पन्नास पावलांवर तीनदा मोजा.

आणि गिट्टी. नाल्यातला गोटा गुळगुळीत असतो, फोडलेल्या गिट्टीला धार असते. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर बसलं आहे. उमरेड-भिवापूरकडे जाताना खडक बदलतो. त्यामुळे काळी, धारदार गिट्टी एका पट्ट्यात आणि आजूबाजूला वेगळाच दगड दिसला, तर ती बाहेरून आणून टाकलेली आहे. जुन्या स्टेशनांजवळ गिट्टीत काळे, हलके, भोकं असलेले खडे मिळतात. ती वाफेच्या इंजिनाची जळकी राख. इंजिन तिथे थांबायचं, आग साफ करायचं, पाणी घ्यायचं.

रूळच नाहीत. मग बाकीच्या कोणत्या खुणा वाचता येतात?

मोऱ्या आणि पूल सर्वांत जास्त बोलतात. कठड्यावर किंवा भिंतीवर पुलाचा क्रमांक, पाण्याच्या प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण आणि पुराच्या धोक्याची पातळी रंगवलेली असते. रंग उडाला असेल तर कोवळ्या उन्हात तिरकं बघा, खोदलेले आकडे सावलीने उठून दिसतात. पाणी मारून घासू नका, चुना निघून येतो.

खांबांवर '४५/२' असं काही लिहिलेलं असेल तर ४५वा किलोमीटर आणि त्यातला दुसरा खांब, असा त्याचा अर्थ. ठेंगण्या खांबाला आडवा हात आणि त्यावर आकडा असेल तर तो चढाचा फलक. आकडा १०० म्हणजे शंभरात एक. हात वर झुकलेला तर चढ, खाली तर उतार. पिवळ्या पाटीवर 'सी/फा' म्हणजे पुढे फाटक आहे, सीटी द्या. त्या पाटीपासून पुढे चालत गेलं की जुनं फाटक सापडतंच, भले तिथे आज नुसता डांबरी रस्ता असो.

कुठे रुळाचा तुकडा कुंपणाचा खांब म्हणून उभा दिसेल. त्याच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात: कारखाना, साल आणि वजन. रुळाचं वजन जुन्या पद्धतीत यार्डाला पौंडांत असे. ५० पौंडी रूळ म्हणजे मीटरला जवळपास २५ किलो. पण रुळाचं साल म्हणजे मार्गाचं साल नव्हे. एका मार्गावरून काढलेले रूळ दुसरीकडे टाकायची पद्धत होती, त्यामुळे नुसत्या रुळावरून तारीख ठरवणारे हमखास फसतात.

रूळ जागेवर असतील तर रुंदी मोजा. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मीटरगेज १००० आणि ब्रॉडगेज १६७६.

पहिल्यांदा जाताना किती अंतर ठरवावं?

आठ किलोमीटर, एका बाजूने. परत यायला एसटी किंवा सोबतच्याची गाडी. रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस उघड्या भरावाच्या कडेने साडेतीन चालतो, सुट्या गिट्टीवर अडीच. झाडीत अडकला की एकावर येतो. त्यात मोजमाप, फोटो, नाल्याला वळसा. आठ किलोमीटरला चार ते पाच तास सहज जातात.

सकाळी सातला सुरुवात, दुपारी बाराच्या आत शेवट, असं बसवा. निम्मं अंतर व्हायच्या आधी निम्मा वेळ संपला तर पुढे रेटू नका. जवळच्या फाटकावरून रस्ता धरा. म्हणूनच नकाशावर दर दोन-तीन किलोमीटरला बाहेर पडायची वाट आधीच खुणावून ठेवायची असते.

कोणता ऋतू?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात काळी माती बुटाला चिकटून पाय दोन-दोन किलोंचे होतात, आणि उंच गवतात पाय कशावर पडतोय ते दिसत नाही. ऑक्टोबरात गवत वाळलेलं नसतं. उन्हाळ्याचं बोलायलाच नको: २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले आहेत आणि भरावावर सावली नसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात, तेव्हा पहाटे जंगलात अस्वलंही असतात आणि फुलं वेचणारी माणसंही. तो काळ त्यांना सोडा.

सोबत काय घ्यायचं?

घोट्याच्या वर येणारे जाड तळाचे बूट. गिट्टीवर घोटा मुरगळणं ही सर्वांत जास्त होणारी दुखापत आहे, आणि धावायच्या मऊ बुटात ती हमखास होते. जाड पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी. थंडीतही माणशी तीन लिटर पाणी, फेब्रुवारीत चार. मीठ-साखरेची पुडी. पाच फुटी काठी. पाच मीटरचा टेप, खडू, वही-पेन्सिल, शिट्टी, टॉर्च, क्रेप बँडेज, पॉवरबँक. विळा-कोयता नेऊ नका; वन विभागाच्या माणसाला त्याचं कारण पटवणं अवघड जातं.

जुना लोखंडी पूल दिसतोय, ओलांडू का?

नाही. रूळ असले तरी नाही, लांबी दहा फूट असली तरी नाही.

रुळांखालचा आडवा लाकडी स्लीपर वरून टणक दिसतो आणि आतून वाळवीने पोकळ झालेला असतो. लोखंडी गर्डरचा (तुळईचा) गंज वरच्या पत्र्यावर दिसतो त्याहून जास्त रिव्हेटांच्या खाली, जिथे पाणी थांबतं तिथे असतो. शिवाय स्लीपर काढून नेलेल्या पुलावर पाय ठेवायला हाताएवढी पट्टी उरते. दगडी मोरी भक्कम वाटते, पण पुराने तिच्या मागची माती वाहून गेलेली असते आणि वर नुसती गिट्टीची पोकळ चादर राहते. भरावाच्या माथ्यावर मोरीच्या अलीकडे-पलीकडे खळगा पडलेला दिसला, तर आत पोकळी आहे असं समजून खाली उतरा.

ओलांडायचं ते नाल्यातून, पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, तीस-चाळीस मीटरवरून. पुलाच्या अगदी खाली आणि खालच्या अंगाला पाण्याने खोल डोह केलेला असतो. उतरायच्या आधी पुलाखाली दुरून नजर टाका, कारण पुढचा प्रश्न.

पुलाखाली आग्यामोहोळ असेल तर?

गर्डरच्या खालची बाजू आणि उंच दगडी खांब ही त्यांची आवडती जागा. काळसर, अर्धगोल, हातभर लांबीचं काही लोंबताना दिसलं तर शंभर मीटरपेक्षा जवळ जाऊ नका, फ्लॅश नको, धूर नको, अत्तर लावून तर येऊच नका. जुन्या स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीखालीही बघून घ्या.

माशा उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि मान कपड्याने झाका आणि सरळ पळत सुटा, घर किंवा बंद गाडी गाठेपर्यंत. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने खरवडून काढा. तोंडावर डंख, खूप डंख, धाप किंवा अंगावर गांध्या असतील तर घरी नाही, थेट दवाखान्यात.

सापांची भीती कितपत खरी?

खरी आहे. गिट्टीच्या फटी, मोऱ्यांचे दगड आणि उंदरांनी पोखरलेला भराव ही घोणस, नाग आणि मण्यारची राहायची जागा. थंडीत सकाळी घोणस उन्हाला माथ्यावर येऊन पडते आणि माणसाची चाहूल लागली तरी हलत नाही. काठी पुढे आपटत चला, दगडावर बसण्याआधी बघा, मोरीत हात घालू नका.

दंश झाला तर माणसाला बसवा, हात किंवा पाय फळीने स्थिर करा, अंगठ्या-कडी काढा, वेळ लिहून ठेवा, १०८ला फोन करा. दोरी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, मांत्रिक हे सगळं वेळ घालवतं आणि जीवही. निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून सर्पदंशाचं औषध आहे का ते विचारून ठेवा.

शेतातल्या तारांबद्दल इतकं का बजावता?

कारण डोळ्यांना ती दिसत नाही आणि या वाटेवरची सर्वांत जीवघेणी गोष्ट तीच आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी झटका मशीन लावतात. तिचा धक्का जोराचा पण थांबून-थांबून येणारा असतो. काही ठिकाणी मात्र थेट लाईनची वीज तारेत सोडलेली असते. हे बेकायदा आहे, तरी होतं, आणि यात माणसं मरतात. भराव अनेकदा शेताच्या सीमेवर असल्यामुळे तार नेमकी तिथेच ओढलेली असते, घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या उंचीवर.

उजाडण्यापूर्वी आणि अंधार पडल्यावर भरावाजवळ फिरू नका. कोणतीही तार, गंजलेली असो वा तुटलेली, काठीनेही दाबू नका, वळसा घाला. कोणी चिकटलं तर त्याला हात लावू नका, वावरातल्या माणसाला हाक मारून वीज बंद करवा, मग १०८.

उमरेड–भिवापूर–नागभीड पट्ट्यात वाघ आहेत ना?

आहेत. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच भागात आहे आणि नागभीड ज्या ब्रह्मपुरी वनविभागात येतं तिथे अभयारण्याबाहेरही वाघ वावरतात. अभयारण्यात पायी फिरायला परवानगी नाही, आणि राखीव जंगलात वन विभागाला विचारल्याशिवाय जायचं नाही. या पट्ट्यात चालण्याचा विचार सोडा. गाडीने जा, फाटकांवर उतरून बघा, पुन्हा गाडीत बसा. छोटी लाईन जंगलातून जात होती म्हणून तिची आठवण गोड आहे हे खरं, पण आज ती वाट वाघांच्या येण्याजाण्याची आहे. वन विभागाची मदतवाहिनी १९२६.

उमरेडजवळ आणखी एक अडचण म्हणजे वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) उघड्या कोळसा खाणी. तिथे सुरुंग लावले जातात, त्यामुळे खाणीच्या हद्दीच्या पाट्या ओलांडू नका.

जुन्या स्टेशनच्या इमारतीत जाऊ का?

बाहेरूनच बघा. कौलं आणि सागवानी वासे काढून नेलेली भिंत आधाराविना उभी असते. काही क्वार्टरांत कुटुंबं राहतात, ती त्यांची घरं आहेत. आणि स्टेशनच्या आवारात इंजिनाला किंवा कर्मचाऱ्यांना पाणी पुरवणारी विहीर असायची. कठडा पडून तिच्यावर घाणेरी वाढली असेल तर ती दिसतही नाही. स्टेशनच्या मागच्या झुडपात काठी टेकवल्याशिवाय पाऊल टाकू नका.

एकट्याने, मुलांना घेऊन किंवा सायकलने?

एकट्याने नको, किमान तिघं, म्हणजे एकाला लागलं तर एक थांबतो, एक मदतीला जातो. सातपेक्षा जास्तही नको. दहा वर्षांवरच्या मुलांना पांधणीवरून दोन-तीन किलोमीटर नेता येईल. सायकल गिट्टीवर चालत नाही आणि बाभळीचे काटे तासाभरात ट्यूब खातात.

एक खिळा किंवा फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी) आठवण म्हणून आणली तर?

रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा १९६६खाली तो गुन्हा आहे, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची आहे. कायद्याचं राहू द्या. जागेवरचा खिळा स्लीपर कुठे होता ते सांगतो. तुमच्या शोकेसमध्ये तो नुसतं लोखंड असतो. फोटो काढा, शेजारी टेप ठेवा, जागा नोंदवा.

गावात कोणाला विचारायचं, कसं विचारायचं?

'नॅरोगेज' विचाराल तर माना हलतील. 'काकाजी, छोटी गाडी कुठून जायची?' असं विचारा. पारावर बसलेली साठीच्या पुढची माणसं, जुने गँगमन, फाटकाशेजारचा चहावाला यांना आधी गाठा. कुठे पाणी भरायचे, गाडी कुठे हळू व्हायची, बाजाराच्या दिवशी कोण काय घेऊन चढायचं, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणाला माहीत नसतं. पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. रिकाम्या भरावावर टेप घेऊन फिरणारी अनोळखी माणसं म्हणजे जमीन मोजायला आले, असा समज पटकन होतो आणि ज्यांची शेती पट्ट्याला लागून आहे ते घाबरतात.

पुलगावात फोटो काढायला काही बंधन?

पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. त्याच्या दिशेने कॅमेरा नको, ड्रोन तर अजिबात नको. आर्वीच्या बाजूने सुरुवात केली तर हा प्रश्न शेवटी येतो आणि तोवर सकाळचं कामही आटोपलेलं असतं.

नोंद कशी ठेवावी म्हणजे दुसऱ्याच्या कामी येईल?

जीपीएसची नोंद दर दहा मीटरला एक बिंदू अशी ठेवा. प्रत्येक मोरीचे तीन फोटो: लांबून, समोरून, आणि टेपसह क्रमांकाचा. वहीत त्याच क्रमाने लिहा: वेळ, जागा, क्रमांक, दगड की वीट, कमान की सपाट छत, गाळ्याची रुंदी, आजची अवस्था. घरी आल्यावर त्याच रात्री फोटोंना नावं द्या. आठवड्याने बारा मोऱ्या एकसारख्या दिसू लागतात. शेतमालकाचं नाव, वाघाच्या पाऊलखुणांची जागा आणि विकून पैसे येतील अशा लोखंडाची नेमकी जागा उघड करू नका.

चालायचं नाही, नुसतं समजून घ्यायचं आहे.

मग मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय गाठा. १४ डिसेंबर २००२पासून ते सुरू आहे. खरं तर चालणाऱ्यांनीही पहिला फेरा तिथेच मारावा. इंजिन, डबे, सिग्नल आणि रुळांचं साहित्य तिथे हातभर अंतरावरून बघितलं, की नंतर भिवापूरच्या फाटकावर गवतात पडलेला गंजका तुकडा कशाचा आहे ते लगेच ओळखू येतं. सुट्टीचा वार आणि वेळ आधी विचारून घ्या, आणि दोन तास हाताशी ठेवा.